पाहुण्या संगणकाचे घड्याळ

नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात टेंभली नावाचे गाव आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक याच गावातील रहिवाशांना देण्यात आले आणि काही दिवस हे नाव देशभर गाजले. आज टेंभलीत काय किंवा धडगावच्या एखाद्या पाड्यावर काय, रास्त भाव दुकानात धान्य घ्यायचे तर ई-पॉस यंत्रावर अंगठा टेकवावा लागतो. कधी 'अंगठा लागत नाही'. कारण बहुधा कष्टाने झिजलेल्या बोटांच्या रेषा, नाहीतर रेंज नसणे, हे असते. पण आणखी एक कारण संभवते, आणि ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ते म्हणजे घड्याळ.

अंगठ्याचा ठसा घेतला जातो त्या क्षणाची तारीख आणि वेळ सेकंदापर्यंत त्या मागणीत नोंदवलेली असते. दूरच्या केंद्रातला संगणक ही नोंद आपल्या घड्याळाशी ताडून पाहतो. नोंद ठरलेल्या मुदतीपेक्षा जुनी असेल तर मागणी फेटाळली जाते. नोंद केंद्राच्या घड्याळापेक्षा बरीच पुढची असेल तरीही फेटाळली जाते, कारण जो क्षण अजून उजाडलेलाच नाही त्या क्षणी कोणी अंगठा कसा लावेल? यात अडवणूक करण्याचा हेतू नाही. कोणी एकदा घेतलेला ठसा साठवून पुन्हापुन्हा वापरू नये, यासाठी ही काळजी आहे. पण याचा अर्थ असा, की दोन घड्याळे जुळत नसतील तर खऱ्या माणसाचा खरा अंगठाही खोटा ठरतो आणि बाईला रिकामी पिशवी घेऊन घरी जावे लागते.

दुकानातल्या यंत्राचे घड्याळ चुकू शकते हे आपल्याला सहज पटते. मोठ्या केंद्रातल्या, थंडगार खोलीतल्या महागड्या संगणकाचे घड्याळ मात्र अचूकच असणार, असे आपण गृहीत धरतो. तिथेही गोष्ट वाटते तितकी सरळ नाही. आजकाल अशा केंद्रांमध्ये पुष्कळसे काम ज्या 'संगणकांवर' चालते, ते खरे संगणकच नसतात.

आधी साधे घड्याळ पाहू. काळ मोजण्याची जुनी युक्ती सगळीकडे एकच आहे: ठराविक वेळाने पुन्हापुन्हा घडणारी एखादी गोष्ट घ्यायची आणि ती किती वेळा घडली ते मोजायचे. आपल्याकडचे घटिकापात्र आठवा. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर तरंगत ठेवायची. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे झाली. अशा ६० घटकांचा एक दिवस. वाटी बुडताच राखणदाराने टोला द्यायचा आणि ती रिकामी करून पुन्हा पाण्यावर सोडायची. या घड्याळात चूक होण्याच्या जागा दोन आहेत. भोक लहानमोठे झाले तर घटकाच लहानमोठी होते. आणि राखणदाराला डुलकी लागली तर वाटी तळाशी पडून राहते, तेवढा काळ कोणाच्याच हिशोबात येत नाही. या दोन चुका वेगवेगळ्या जातीच्या आहेत हे ध्यानात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

मनगटी घड्याळात वाटीच्या जागी क्वार्ट्झचा स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या विचित्र वाटते, पण ती २ चा पंधरावा घात आहे. तिला पंधरा वेळा निम्मे केले की बरोबर १ उरतो, आणि निम्मे करणे हे इलेक्ट्रॉनिक मंडलाला सर्वांत सोपे काम. मुलांना फळ्यावर करून पाहू द्या.

या स्फटिकाचे भोक, म्हणजे त्याची कंप्रता, तापमानाने बदलते. घड्याळाचा स्फटिक साधारण २५ अंश सेल्सियसला सर्वांत वेगाने कंपतो. तापमान त्यावर जावो की खाली उतरो, तो थोडा मंदच होतो, आणि हा मंदपणा तापमानातील फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २० अंशांचा फरक पडला तर दहा लाख कंपनांमागे सुमारे १४ कंपने कमी होतात. दिवसाचे सेकंद ८६,४००, तेव्हा दिवसाला सव्वा सेकंदाच्या आसपास तूट. नंदुरबारच्या मे महिन्यात पत्र्याच्या छताखालच्या भिंतीवर घड्याळ टांगले तर ते मागे पडते यात नवल नाही. मनगटावरचे घड्याळ त्या मानाने सुखी. त्याला अंगाचे तापमान सांभाळून घेते.

संगणकात असे एक छोटे बॅटरीवरचे घड्याळ असतेच. संगणक बंद असताना तेवढेच चालू असते. पण संगणक सुरू झाला की तो सहसा या घड्याळाकडे एकदाच पाहतो आणि पुढचा हिशोब स्वतः ठेवतो. तो कसा? एक वेगळे मंडल ठराविक वेळाने प्रोसेसरला टोला देते. हातातले काम क्षणभर बाजूला ठेवून प्रोसेसर 'आणखी एक झाला' अशी नोंद करतो आणि पुन्हा कामाला लागतो. डॉसच्या काळातल्या पीसीमध्ये असे टोले सेकंदाला सुमारे १८.२ पडत. नंतरच्या कार्यप्रणालींनी ते १००, २५०, काहींनी १००० पर्यंत नेले. म्हणजे पुन्हा तेच घटिकापात्र आणि तोच राखणदार. फरक एवढाच, की हा राखणदार झोपत नाही. निदान आतापर्यंत तरी झोपत नव्हता.

आता आभासी संगणकाकडे वळू. मोठा संगणक विकत घेतला तरी त्याचा बराचसा वेळ रिकामा जातो. मग एकाच यंत्रात अनेक संगणक असल्याचा भास निर्माण केला तर? ही कल्पना जुनी आहे. आयबीएम कंपनीने १९६०च्या दशकात यावर काम केले आणि १९७२ मध्ये तिची व्हीएम/३७० ही प्रणाली बाजारात आली. सामान्य पीसीच्या जातीच्या यंत्रांवर ही सोय १९९९च्या सुमारास आली आणि पुढे तिच्यावरच क्लाउडचा सगळा डोलारा उभा राहिला. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राचा 'मेघराज' हा सरकारी क्लाउडही याच तत्त्वावर चालतो. अशा भासमान संगणकाला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. ज्या खऱ्या यंत्रावर तो राहतो तो यजमान, आणि आभासी संगणक हा पाहुणा, अशी नावे रूढ आहेत. सगळ्या पाहुण्यांची व्यवस्था पाहणारी एक आज्ञावली असते, तिला हायपरव्हायजर म्हणतात. आपण तिला कारभारी म्हणू.

हे समजावून सांगायला आमच्या भागातल्या शिक्षकांना दूर जावे लागणार नाही. सातपुड्यातल्या पाड्यांवर एकाच खोलीत पहिली ते चौथीचे वर्ग आणि शिकवायला एक किंवा दोन शिक्षक, ही परिस्थिती अनेकांनी अनुभवली आहे. गुरुजी थोडा वेळ पहिलीकडे, मग तिसरीकडे, मग चौथीकडे जातात. कारभारीही खऱ्या प्रोसेसरचा वेळ असाच पाहुण्यांत वाटून देतो. पण एक मोठा फरक आहे. गुरुजी चौथीकडे गेले तरी पहिलीची मुले जागी असतात, खोड्या काढतात, खिडकीतून बाहेर पाहतात. पाहुण्या संगणकाचे तसे नाही. प्रोसेसर दुसरीकडे गेला की तो पाहुणा जागच्या जागी गोठतो. त्याला काही ऐकू येत नाही, काही कळत नाही, आणि मुख्य म्हणजे आपण गोठलो होतो हेही कळत नाही. प्रोसेसर परत आला की तो अर्धवट राहिलेले वाक्य पुढे म्हणू लागतो. त्याच्या लेखी मध्ये काही घडलेलेच नसते.

राखणदाराला डुलकी लागली ती अशी.

आकडे घेऊन पाहू. समजा पाहुण्याला सेकंदाला १००० टोल्यांची अपेक्षा आहे, म्हणजे दर मिलिसेकंदाला एक. आणि समजा एका प्रोसेसरवर आठ पाहुणे आहेत, प्रत्येकाला १० मिलिसेकंदांची पाळी मिळते. आपली पाळी संपल्यावर पाहुणा ७० मिलिसेकंद गोठलेला राहील. तेवढ्यात ७० टोले पडून गेले. तो जागा झाल्यावर कारभाऱ्याने काय करावे?

एक मार्ग म्हणजे एकच टोला द्यायचा आणि बाकीचे सोडून द्यायचे. मग घड्याळ मागे पडणार, आणि तेही थोडेथोडके नाही. दहातला एक टोला जरी बुडाला तरी तासाला सहा मिनिटांची तूट येते. घाणेरड्यातल्या घाणेरड्या स्फटिकालाही इतके चुकणे जमणार नाही! शिवाय तूट नियमित नसते. शेजारचे पाहुणे निवांत असले तर घड्याळ ठीक चालते; महिनाअखेरीला सगळ्यांना एकदम काम लागले की ते रेंगाळते. स्फटिकाची चूक मोजून ठेवता येते आणि वजा करता येते. ही तशी मोजून ठेवता येत नाही.

दुसरा मार्ग राहिलेले सगळे टोले एकामागून एक भराभर देण्याचा. यात अखेरचा हिशोब जुळतो, पण मधल्या काळात घड्याळ आधी थांबते आणि मग पळत सुटते. त्या पळापळीत एखाद्या कामाला किती वेळ लागला हे मोजायला गेलात, तर एका मिलिसेकंदाचे काम सत्तर मिलिसेकंदांचे भासेल.

यात आणखी एक गंमत आहे. काही कार्यप्रणाली स्वतःच सावध असतात. 'मधले टोले मला ऐकू आलेले दिसत नाहीत' असे त्या प्रोसेसरच्या दुसऱ्या एका मोजकावरून ओळखतात आणि आपल्या हिशोबात भर घालतात. खऱ्या यंत्रावर ही सावधगिरी उत्तम. पण पाहुण्याने ७० टोल्यांची भर घातली आणि कारभाऱ्यानेही थकबाकी म्हणून तेच ७० दिले, तर जमा झाले १४०. मागे पडणारे घड्याळ आता पुढे धावू लागते. एकाच दुकानाच्या वहीत दोघांनी एकच उधारी दोनदा लिहावी तसा हा प्रकार. पाहुण्या संगणकाचे घड्याळ पुढे गेलेले पाहून अनेक जण गोंधळात पडत, त्याचे कारण बऱ्याचदा हे असे.

मग यावर उपाय काय? टोले मोजणेच सोडून द्यायचे. राखणदाराला डुलकी लागणारच असेल, तर त्याने वाट्या मोजत बसण्याऐवजी जाग आल्यावर मान वर करून सूर्य कुठे आला ते पाहावे. प्रोसेसरमध्ये एक मोजक असतो. यंत्र सुरू झाल्यापासून तो अतिशय वेगाने, सेकंदाला अब्जावधीच्या हिशोबाने, पुढे सरकत असतो. कोणाची पाळी आहे याच्याशी त्याला देणेघेणे नसते. कारभारी पाहुण्यासाठी स्मृतीच्या एका पानावर एक चिठ्ठी लिहून ठेवतो: मोजकावर अमुक आकडा होता तेव्हा अमुक वेळ झाली होती, आणि मोजकाचे एक पाऊल म्हणजे इतका काळ. पाहुण्याने वेळ हवी असेल तेव्हा मोजक वाचायचा, चिठ्ठीतला आकडा त्यातून वजा करायचा आणि गुणाकार करायचा.

उदाहरण सोपे आहे. चिठ्ठीत लिहिले आहे की १० वाजता मोजकावर ५००० कोटी हा आकडा होता आणि एक पाऊल ०.४ नॅनोसेकंदाचे आहे. आता मोजक ५०२५ कोटी दाखवतो. फरक २५ कोटी. त्याला ०.४ नॅनोसेकंदाने गुणले की एक दशांश सेकंद. म्हणजे दहा वाजून एक दशांश सेकंद झाला. मध्ये पाहुणा किती वेळा गोठला याचा इथे प्रश्नच येत नाही. लिनक्समधील केव्हीएम या कारभाऱ्याचे घड्याळ असेच चालते, आणि इतर काही कारभाऱ्यांनीही हीच वाट धरली आहे.

यातही खाचखळगे आहेत. पाहुण्याला चालू अवस्थेतच एका यजमानाकडून उचलून दुसऱ्याकडे नेता येते. एखादे यंत्र दुरुस्तीला काढायचे असले की तसे करतातच. नव्या यजमानाचा मोजक वेगळ्या आकड्यावर असतो आणि त्याचे पाऊलही लहानमोठे असू शकते. तेव्हा पाहुण्याला जाग येण्याआधी चिठ्ठी बदलायलाच हवी. त्याहून गमतीचा प्रकार म्हणजे पाहुण्याला सरळ झोपवून ठेवणे. त्याची सगळी अवस्था तबकडीवर लिहून ठेवायची आणि हवी तेव्हा पुन्हा जागी करायची. शुक्रवारी संध्याकाळी झोपवलेला पाहुणा सोमवारी सकाळी उठतो तो शुक्रवार संध्याकाळ मनात धरूनच. कुंभकर्णाला निदान आपण झोपलो होतो हे माहीत असे!

पाहुण्याने यजमानाकडे पाहून वेळ लावली, तरी यजमानाचे घड्याळ बरोबर आहे कशावरून? त्याचाही स्फटिकच. म्हणून त्याने आणखी वर विचारायचे. भारतात ही साखळी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपाशी जाऊन थांबते. तिथे सीझियमच्या अणुघड्याळांवर भारतीय प्रमाणवेळ राखली जाते. १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच सीझियम अणूवर आधारली आहे: त्याच्या एका ठराविक प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आवर्तने म्हणजे एक सेकंद. सूर्याशी या वेळेचा संबंध फार सैल उरला आहे. नंदुरबारचे रेखांश सुमारे ७४.२५ अंश, प्रमाणवेळेचे ८२.५ अंश. दर अंशाला ४ मिनिटे या हिशोबाने आपल्याकडे सूर्य मध्यावर येतो तो सरासरी १२ वाजून ३३ मिनिटांनी. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तर पावणेएक होऊन जातो. अंगणातल्या काठीची सावली आणि दिल्लीची वेळ यांतला हा फरक मुलांनी वर्षभर टिपून ठेवण्यासारखा आहे.

दूरवरून वेळ विचारण्यात एक अडचण असते: उत्तर येईपर्यंत ते शिळे झालेले असते. डेव्हिड मिल्स या अमेरिकन संशोधकाने यासाठी जी पद्धत घडवली, ती १९८५ मध्ये नेटवर्क टाइम प्रोटोकॉल या नावाने प्रसिद्ध झाली. पद्धत चार नोंदींची आहे. समजा शहाद्यातल्या संगणकाने आपल्या घड्याळात ०.००० सेकंद असताना प्रश्न पाठवला. दिल्लीला तो पोचला तेव्हा तिथल्या घड्याळात २.०३० होते. उत्तर २.०३१ ला निघाले आणि शहाद्याला पोचले तेव्हा शहाद्याच्या घड्याळात ०.०६१ होते. जाताना दिसलेला फरक २.०३०, येताना दिसलेला फरक २.०३१ वजा ०.०६१, म्हणजे १.९७०. दोन्हींची सरासरी बरोबर २. शहाद्याचे घड्याळ दोन सेकंद मागे आहे. प्रवासाला लागलेला वेळ दोन्ही बाजूंनी सारखा धरला, तर तो सरासरीत आपोआप उडून जातो. बीजगणित शिकवताना ही रीत विद्यार्थ्यांकडून सिद्ध करून घेता येईल. अज्ञात राशी दोनच आहेत.

आता इथे पाहुणा संगणक आणा. उत्तर ०.०६१ ला दाराशी आले, पण पाहुणा तेव्हा गोठलेला होता. त्याने ते पाहिले ०.०८१ ला. येतानाचा फरक झाला १.९५०, सरासरी १.९९०. वीस मिलिसेकंदांच्या डुलकीने उत्तरात दहा मिलिसेकंदांची चूक शिरली. म्हणून एकाच उत्तरावर विसंबत नाहीत. पुष्कळदा विचारतात आणि ज्या फेरीला जाण्यायेण्याचा वेळ सर्वांत कमी लागला तिच्यावर जास्त भरवसा ठेवतात, कारण त्या वेळी कोणाला डुलकी लागली नसण्याचा संभव अधिक.

चूक कळली तरी काटे धाडकन फिरवत नाहीत. घड्याळ मागे नेले तर आधीची घटना नंतर घडल्याची नोंद होऊ शकते, आणि पैशांच्या व्यवहारात तो घोटाळाच ठरेल. त्यापेक्षा घड्याळाची चाल किंचित जलद वा मंद करतात. लिनक्समध्ये ही मर्यादा सामान्यतः दहा लाख भागांत ५०० भाग इतकी धरतात. त्या वेगाने दोन सेकंदांची चूक भरून निघायला ४००० सेकंद, म्हणजे तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो. सोमवारी उठलेल्या कुंभकर्णाला मात्र हा उपाय चालत नाही. अडीच दिवसांची तूट अशी भरायची तर चौदा वर्षे लागतील, तेव्हा त्याचे काटे सरळ फिरवावेच लागतात.

घड्याळ लावण्याचे काम एकाकडेच सोपवावे, हा माझ्या मते यातला सर्वांत महत्त्वाचा व्यवहारी नियम. कारभारी एकीकडून पाहुण्याची वेळ दुरुस्त करतो आणि पाहुणा दुसरीकडून दिल्लीला विचारतो, असे झाले की दोघेही एकमेकांची दुरुस्ती चूक समजून पुन्हा दुरुस्त करत बसतात. दोन घड्याळे चुकीची असण्यापेक्षा हे पकडायला अवघड जाते. आपल्या देशात २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या सरकारी यंत्रणेने निर्देश काढले. त्यांनुसार सेवा देणाऱ्या कंपन्या, माहिती-केंद्रे आणि सरकारी संस्था यांनी आपली सर्व घड्याळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी, नाहीतर त्यांच्यापर्यंत माग काढता येईल अशा वेळेशी जुळवायची आहेत. कारण उघड आहे. एखाद्या चोरीचा तपास पाच संगणकांच्या नोंदींवरून करायचा आणि पाचांची वेळ वेगळी, तर कोणी आधी काय केले हे ठरणार कसे?

हा सगळा प्रकार वर्गात खेळून पाहता येतो. एका विद्यार्थ्याला सेकंद काटा असलेले घड्याळ द्या. त्याने दर सेकंदाला टाळी वाजवायची. बाकीच्यांचे चार गट करा. गुरुजी ज्या गटाजवळ उभे असतील तो गट जागा; इतरांनी डोळे मिटून कान घट्ट झाकायचे. गुरुजींनी हवा तितका वेळ, अनियमितपणे, गटागटांत फिरायचे आणि ज्या गटाला जागे करायचे त्याच्या एकाच्या खांद्याला हात लावायचा. पहिल्या गटाने फक्त ऐकू आलेल्या टाळ्या मोजायच्या. दुसऱ्याने जाग आल्यावर अंदाजाने भर घालायची. तिसऱ्याला गुरुजींनी बुडालेल्या टाळ्यांचा आकडा हळूच सांगायचा, आणि त्या गटाने आपल्या अंदाजाची भरही त्यात घालायची. चौथ्याने काहीच मोजायचे नाही, जाग आली की भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहायचे. तीन मिनिटांनी चारही उत्तरे फळ्यावर लिहा. पहिल्या गटाचे उत्तर १८० च्या बरेच खाली येईल. तिसऱ्याचे १८० च्या वर गेले तर का गेले, हे त्यांनाच शोधू द्या.